उन्हाळ्यापर्यंत काहीतरी असू शकेल

मोगा, १८ नोव्हेंबर

नीतू,

तुझं उत्तर आलं. दीड महिन्यानं एक ओळ, तीही इंग्रजीत. ‘देअर माइट स्टिल बी समथिंग बाय समर.’ उन्हाळ्यापर्यंत अजूनही काहीतरी असू शकेल. काय असू शकेल ते नाही, कोणासाठी तेही नाही. वाक्यात एकसुद्धा चूक काढता येत नाही म्हणून जास्तच चिडले. माझ्या वर्गातली निम्मी पोरं ‘स्टिल’ नेऊन वाक्याच्या शेपटाला बांधतात. तू बरोबर ‘माइट’नंतर आणि ‘बी’च्या आधी ठेवलास. मीच घोटून घेतलं होतं ना तुझ्याकडून, भोगते आता.

फोनवर तू दोन ओळींत उरकतेस आणि मी ओरडते. म्हणून आता कागद. माझ्या वर्गातली जी कोणी कॅनडाला उडेल तिच्या बॅगेत एक पाकीट टाकत जाईन. हे रमन घेऊन येतेय. तिला दारातून परत पाठवू नकोस, पोर पहिल्यांदाच घराबाहेर पडलीय.

तुझा नवरा माझ्या वर्गात येऊन बसलाय. लग्नाआधी आयेल्ट्सच्या इंग्रजी परीक्षेत दोनदा साडेचार बँडवर आपटलेला तीरथ आता परत शेवटच्या बाकावर. बाकी सगळ्या बारावी झालेल्या पोरी, त्यांच्या मागे हा दाढीवाला. पोरी त्याला ‘जीजाजी’ म्हणून चिडवतात. परवा एकीनं विचारलं, “जीजाजी, ताई तिकडे पास झाल्या, तुम्ही इथं कशाला नापास व्हायला आलात?” तो हसला आणि म्हणाला, “ती न्यायला बोलावेल तेव्हा व्हिसावाल्यांपुढं तोंड उघडता आलं पाहिजे ना.” वर्ग हसला. मी फळा पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

तुझ्या सासरच्या छतावर विमान बसतंय हे तुला कोणी सांगितलं का? सिमेंटचं, आतून पाण्याची टाकी. लोक पोरगा परदेशी पोचल्यावर बसवतात. तुझ्या सासऱ्यांनी, गुरमेल सिंगांनी, आधीच गवंडी लावला. “सून गेली म्हणजे अर्धं घर पोचलंच की मॅडमजी,” म्हणाले. गवंड्यानं विचारलं, नाक कुठल्या बाजूला करू, तर त्यांनी मला विचारलं, कॅनडा नक्की कुठल्या अंगाला. मी तुझ्या सासूला, मोहिंदरला, बाजूला घेऊन म्हणाले, भैनजी, थोडं थांबा, अजून काही ठरलेलं नाही. ती म्हणाली, “असं कसं, तुमच्या नीतूनं लिहिलंय ना, उन्हाळ्यापर्यंत.”

मीच वाचून दाखवलं होतं. अर्थही नीट सांगितला. पण त्यांना ‘असू शकेल’ ऐकूच आलं नाही, फक्त ‘उन्हाळा’ ऐकू आला.

तर मला एवढंच सांग. तू त्याला बोलावणार आहेस की नाही? हो किंवा नाही. मधलं काही नको.

जिंदर मासी

मोगा, २० डिसेंबर

नीतू,

पत्राचं उत्तर परत फोनवर. ‘मासी, हे लग्न तू जुळवलंस. त्याला दुसरी कामं असतीलच की.’

हो, मी जुळवलं. गुरमेल सिंग माझ्या वर्गाच्या पायऱ्या चढून आले, सगळे येतात तसेच. मोबाइलच्या दुकानावरच्या त्या जिन्यात धापा टाकत म्हणाले, “मॅडमजी, तुमच्याकडे सात बँडवाली पोरगी आहे का, आपल्यातली?” मंडईत कोबी विचारावा तसं. या गावात इंग्रजी शिकवणाऱ्या बायका जेवढी लग्नं जुळवतात तेवढी मध्यस्थसुद्धा जुळवत नाहीत. मी म्हणाले आहे, माझ्या बहिणीचीच आहे. तुला फोटो दाखवला. तू त्याच्या कानांवर हसलीस आणि हो म्हणालीस. त्या ‘हो’मध्ये कुठलं ‘माइट’ नव्हतं. त्यांनी कालव्याकाठची जमीन विकून तुझी फी भरली, तू पुढे जायचं, त्यानं मागून यायचं, असा शब्द तुझ्यासमोर झाला. तेव्हा माझ्याकडे बोट दाखवू नकोस. दाखवायचंच असेल तर समोर येऊन दाखव, मी इथंच आहे, कुठे पळून गेलेली नाही.

आणि दुसरी कामं म्हणशील तर नाहीत. उरलेलं शेत ठेक्यानं दिलं, कारण काय, तर उन्हाळ्यात जायचंच आहे. ट्रॅक्टर विकला. चुलतभावानं लुधियान्यात शोरूमवर लावून देतो म्हटलं, तर चार महिन्यांसाठी कशाला, म्हणाला. तो दिवसभर काय करतो सांगू? माझ्याकडे येतो, वर्गाच्या बाहेर तासभर आधी येऊन बसतो आणि मोबाइलवर तुझ्या शहराचं हवामान बघतो. काल मला म्हणाला, “मासीजी, तिकडे उणे सतरा आहे, तिच्याकडे जाड कोट असेल ना?” वर्गात मॅडम म्हणतो, जिन्यात मासीजी. तेवढं भान आहे त्याला.

परवा वर्गात ‘मे’ आणि ‘माइट’चाच धडा होता. फळ्यावर लिहिलं, ‘देअर मे बी अ प्रॉब्लेम’. शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

“मॅडम, यात ‘देअर’ म्हणजे तिथं ना? पण तिथं म्हणजे कुठं?”

“कुठंही नाही. ते नुसतं जागा धरून बसलंय.”

“म्हणजे लग्नात पहिल्या रांगेत बसणारे फुफ्फडजी,” पुढची एक पोरगी म्हणाली. वर्ग फुटला. फुफ्फडजींवर कोणीही हसावं, आत्याच्या नवऱ्याला कोण विचारतं.

तो हसला नाही. वहीत लिहून घेत म्हणाला, “आणि ‘मे’ म्हटलं की प्रॉब्लेम आहे का नाही?”

“बोलणाऱ्याला माहीत नाही.”

“किंवा माहीत आहे, पण सांगायचं नाही,” तो म्हणाला. नीतू, मला वाटलं पोराला कळलं. पण तो पुढे म्हणाला, “म्हणजे मॅडम, आनंदाची बातमी असली की माणूस आधी सांगत नाही ना, दृष्ट लागेल म्हणून. तसं.”

मी पान उलटा म्हणाले.

मोहिंदरनं गुरुद्वाऱ्यात व्हिसाच्या नवसाचं आणखी एक खेळण्यातलं विमान वाहिलं. पहिलं प्लॅस्टिकचं छोटं होतं म्हणून काम अडलं असं तिला कोणीतरी सांगितलं. आता दिवे लागणारं नेलं. तिथं एवढी विमानं साठलीत की सेवादार ती उचलून पोरांना वाटतात. ती मला म्हणाली, “भैनजी, नीतूला सांगू नका हं, हसेल ती मला.”

रमनचा फोन आला होता. तू तिला चहा दिलास, स्वतःचं ब्लँकेट दिलंस, असं म्हणाली. बाकी काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

जिंदर मासी

मोगा, १६ जानेवारी

नीतू,

आज लिहिते. रमननं मला तेव्हाच सगळं सांगितलं होतं आणि मी ते गिळून बसले होते, कारण मला वाटत होतं की तू स्वतः सांगशील.

तू वकिलाकडे जाऊन आलीस. घटस्फोटाचे कागद तयार करायला सांगितलेस. दुसरा कोणी नाही. तळघरातल्या खोलीत तीन पोरींबरोबर राहतेस, सकाळी कॉलेज, रात्री गोदामात डबे भरतेस. रमनला म्हणालीस, “दहा दिवस ओळखते मी त्याला. फी भरली म्हणून नवरा बोलावू का?” आणि म्हणालीस की त्याच्या आईनं त्या दहा दिवसांत तुझे केस धुऊन दिले, निघताना दृष्ट लागू नये म्हणून तुझ्या बुटांत मिरच्या बांधून ठेवल्या, तिला नाही म्हणवत नाही. म्हणून ‘माइट’.

मला तुझा राग आला नाही असं नाही. पण कळलं. नाही म्हणायला मलाही कोणी शिकवलं नव्हतं आणि मी तुला शिकवलं ते काय, तर परीक्षकाला बरं वाटेल असं बोलायला. थेट म्हणू नये, ‘प्रॉबेबली’ लावावं, ‘इट सीम्स’ लावावं, बँड वाढतो. वाढला तुझा. आता ऐक, तुझ्या त्या मऊ वाक्यानं इकडे काय चाललंय.

लोहडीनंतर वर्ग सुटल्यावर तीरथ जिन्यात थांबला. म्हणाला, “मासीजी, कोणाला बोलू नका. मी बसंत पंचमीनंतर निघतोय.”

“कुठं?”

“एजंट मिळालाय. दुबई, मग ब्राझील, पुढे जंगलातून पायी, मग मेक्सिको. अमेरिकेत शिरलो की कॅनडा शेजारीच.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“तिला कागद जमत नाहीयेत, मासीजी. ती बिचारी लिहून लिहून काय लिहिणार, उन्हाळ्यापर्यंत काहीतरी असेल म्हणते. मनात असून ऑफिस करू देत नाही तिला. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो की सुटलंच.”

“आणि तिच्या मनात नसलं तर?”

“नसतं तर नाही म्हणाली असती,” तो म्हणाला. “सात बँडवाली आहे. नाही लिहायला काय लागतं तिला?”

मी वर्गाला कुलूप लावलं आणि खाली उतरले. त्या जिन्यात मी सांगायला हवं होतं की नाही, ते तू ठरव. मला वाटलं हे तुझं बोलणं आहे, तूच बोलावं. घरी आले आणि दोन दिवस एका जागी बसवेना. भाजी करपली. पोरांचे पेपर तपासायला घेतले आणि बरोबर उत्तरांवर काट मारली.

तिसऱ्या दिवशी चरनोकडे गेले. तुला चरनो आठवते ना, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते, तुला लहानपणी उसाचा रस प्यायला बोलवायची. तिचा सोनी याच वाटेनं गेला. जंगल सुरू होतं तिथून शेवटचा फोन, त्याला दोन वर्षं झाली. मी आत गेले तर ती त्याच्या मोटरसायकलवरची धूळ पुसत होती.

“काही कळलं का गं?” मी विचारलं.

“असेल कुठंतरी,” ती म्हणाली. “असणारच. फोन हरवला असेल. कोणीतरी कामाला ठेवून घेतलं असेल. बोलू देत नसतील.”

मग तिनं मला चहा दिला आणि सांगत बसली. सोनीची बाज अजून घातलेली आहे. धाकट्याचं लग्न ठरून थांबलंय, थोरला आल्याशिवाय कसं करायचं. नवऱ्यानं एकदा रडायला सुरुवात केली तर हिनं त्याला अंगणात ढकललं, जिवंत पोराला रडतात का म्हणून. बोलण्यात एकही वाक्य ‘आहे’ किंवा ‘नाही’वर संपलं नाही. सगळं ‘असेल’. त्या घरात कोणाला जेवावंसं वाटत नाही, निजावंसं वाटत नाही, आणि मेलेल्यासाठी रडावं तसं रडायचीही चोरी. मला तिथं उभं राहवेना. चहा तसाच ठेवून आले.

नीतू, मोहिंदरची चरनो करू नकोस.

फार काही लिहायला सांगत नाही. त्याला कळेल अशा पंजाबीत एक ओळ लिही. मला तू नको आहेस, मी तुला बोलावणार नाही. वाईट वाटेल, शिव्या देतील, तुझ्या आईला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ते सगळं मी बघते. पण तो बसंतनंतर निघतोय. हे पत्र माझ्या वर्गातली परवा उडणारी पोरगी थेट तुझ्या हातात देईल, तशी शपथ घातलीय तिला.

जिंदर मासी

मोगा, १२ फेब्रुवारी

नीतू,

‘आय मे टॉक टू हिम समटाइम.’ मी कधीतरी त्याच्याशी बोलू शकेन. एवढंच पाठवलंस. मी तो फोन बाजेवर टाकला आणि चप्पल घालून निघाले.

तुझ्या सासरी पोचले तेव्हा मोहिंदर अंगणात रोट्या करत होती, गुरमेल सिंग छतावर गवंड्याशी हुज्जत घालत होते, टाकी गळायला लागली होती. तीरथ जेवत होता. मोहिंदरनं मला बसायला विणलेली बुटकी पीढी दिली. मी बसले नाही. बसले असते तर पाणी आलं असतं, मग चहा, आणि मग मी काहीतरी मधलंच बोलून परत आले असते.

“तीरथ,” मी म्हणाले, “तिकडे तुझी बायको नाही.”

त्याचा घास हातात राहिला. “म्हणजे?”

“कागदावर आहे, तोही मोडायला टाकलाय तिनं. ती तुला बोलावणार नाही.”

“पण उन्हाळ्यात—”

“उन्हाळ्यात नाही. पुढच्या हिवाळ्यात नाही. तू जंगलातून गेलास, समुद्रातून गेलास, तरी नाही.”

“मॅडम, कदाचित तिला…” त्याच्या तोंडून मासीजी आलं नाही.

“कदाचित नाही,” मी म्हणाले.

तव्यावरची रोटी जळायला लागली. मोहिंदरनं ती उलटली नाही. गुरमेल सिंग खाली आले आणि मग जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. “पोरगी तुम्ही दाखवलीत, शब्द तुम्ही दिलात, आता मोडायलाही तुम्हीच?” असं म्हणाले, आणि त्यात खोटं काय होतं? मला ठग म्हणाले, तुझ्या आईला त्याहून वाईट. गवंडी विमानाच्या पंखावर बसून ऐकत होता, म्हणजे आता सगळ्या गावाला माहीत. मी उलट बोलले नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तेव्हा ते किती जड गेलं असेल ते समज.

तीरथनं एकच विचारलं, “तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“डिसेंबरपासून.”

त्यानं हात धुतले आणि घराबाहेर पडला. मोहिंदर उठली, माझ्यासमोरची पीढी उचलून भिंतीला लावली आणि म्हणाली, “जा तुम्ही.”

त्यानंतर माझ्या वर्गातून निम्म्या पोरी गेल्या. तुझी आई फोन उचलत नाही. मी रागावलेली आहे तुझ्यावर, नीतू. जे तू एका ओळीत करायचं ते मला लोकांच्या अंगणात उभं राहून करावं लागलं. आणि तरी रोज मला तुझी आठवण येते, हेही लिहून ठेवते, म्हणजे तुला अंदाज करत बसायला नको.

तो जाणार की नाही, ते मात्र कोणीच मला सांगेना. एजंटकडे नाव लागलेलं, पैसा दिलेला, पोरं कधीकधी रागानंच जातात. चार दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. वर्गात ‘विल’ शिकवत होते आणि नजर जिन्याकडे. शेवटी एजंटची गाडी येणार होती त्या सकाळी बसनं त्यांच्या गावी गेले आणि घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. माझं तिथं काही काम नव्हतं. धुकं एवढं होतं की त्यांचं फाटक धड दिसत नव्हतं.

गाडी आली. मागे दोन पोरं बसलेली, मांडीवर बॅगा. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, परत वाजवला. फाटक उघडून मोहिंदर बाहेर आली. हात पिठाचे.

“तीरथ सिंग?” ड्रायव्हरनं विचारलं.

“इथून जाणारं कोणी नाही,” ती म्हणाली.

“बीबीजी, नाव दिलंय माझ्याकडे. बोलवा त्याला, उशीर होतोय.”

“दिलं असेल. कोणी नाही म्हटलं ना.”

ड्रायव्हरनं जरा कुरबुर केली, फोन लावला, मग गाडी निघून गेली. मागच्या काचेतून त्यातलं एक पोर आमच्याकडे बघत होतं. कोणाचं होतं देव जाणे, त्याच्या आईकडेही मला जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

तीरथ गोठ्यातून बादली घेऊन बाहेर आला. त्यानं मला पाहिलं. सत श्री अकाल म्हटलं नाही, पण आतही गेला नाही. धार काढून झालेली म्हैस रेकत होती. तो मोठ्यानं, मला ऐकू येईल असं म्हणाला, “तिला कागद पाठवायला सांगा. मी सही करतो.” आणि दूध घेऊन आत गेला.

मी परत बसकडे निघाले तर मागून मोहिंदर आली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पिठाचे हात ओढणीला पुसत. मला वाटलं राहिलेलं बोलणार. मी तयार होते.

“भैनजी,” ती म्हणाली, “त्या पोरीचं तिकडे कोण आहे?”

मला सवयीनं काहीतरी सुचलं होतं. मैत्रिणी असतील, रमन आहे, कॉलेजची माणसं असतीलच. मी ते तोंडातच ठेवलं.

“कोणी नाही,” मी म्हणाले.

तिनं ओढणी डोक्यावर घेतली. मग म्हणाली, “तर तुम्ही तरी फोन करत जा तिला. एकटी आहे ती.”

रविवारी करते. उचल.

जिंदर मासी